रॅम्पवर उभारलेलं स्टेज

परळ, मुंबई
रविवार, जेवणं उरकल्यावर

मीराआक्कास धाकट्या सीतारामचा सविनय जय भीम.

तुझी तब्येत कशी आहे हे मुद्दाम विचारत नाही, कारण विचारलं की तू सांगतेस, आणि गुडघ्यापासून सुरू झालेलं सांगणं मानेपर्यंत यायला तुला दुसरं पत्र लागतं. तरी दापोलीची थंडी बाधत नसेल, गुडघ्याला तेल लावत असशील, आणि तुझा निलेश वेळेवर गोळ्या आणून देत असेल असं धरून चालतो. (देत नसेल तर कळव. मामा अजून जिवंत आहे म्हणावं.) फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितोस, असं म्हणशील. अगं, फोनवर तू ऐकत नाहीस, बोलतेस. मला आज सगळं सलग सांगायचंय. इकडे आम्ही मजेत. अजितची नोकरी ठीक, सूनबाई वैशाली ठीक, आणि आपली ओवी पाचवीत गेली. पत्र खरं तर तिच्याबद्दलच आहे, म्हणजे त्या शाळेबद्दल, म्हणजे थोडंफार माझ्याबद्दल.

नातीचं तू पाहिलंच आहेस. जन्मल्यापासून पाय ताठ, वॉकर धरल्याशिवाय पाऊल पडत नाही, हाताला लिहायला वेळ लागतो. डोकं मात्र असं तल्लख की माझ्या चुका ती झोपेतसुद्धा काढेल. पहिलीच्या वेळी दादरच्या एका नावाजलेल्या शाळेने (नाव लिहीत नाही, उगाच चांगल्या कागदावर कशाला) गोड हसून ‘आमच्याकडे सोय नाही हो’ म्हणत आम्हाला वाटेला लावलं होतं. वैशाली बस स्टॉपवर रडली. मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग गेलो आपल्या म्युन्सिपालटीच्या शाळेत, जिथे अजित शिकला. तिथल्या मोठ्या बाईंनी एकच विचारलं, हिला डबा स्वतः उघडता येतो का? म्हटलं, नाही येत. ‘मग शिकवू,’ म्हणाल्या, आणि नाव दाखल करून घेतलं. आक्का, मी तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडणार होतो. कंबर वाकत नाही म्हणून त्या वाचल्या.

यंदा पाचवीचा वर्ग आला दुसऱ्या मजल्यावर. आमच्या जिवाला घोर लागला, की आता पोरीला घरी बसवून शिकवायचं म्हणणार. (तशीही सोय असते, शिक्षक घरी येतात. पण ओवीला मैत्रिणी हव्यात. घरी दिवसभर मी एकटा, आणि मी पत्त्यात लबाडी करतो असं तिचं म्हणणं आहे.) तर मोठ्या बाईंनी काय केलं, सगळा वर्गच खाली आणला, बाकांसकट! वर त्यांचं स्वतःचं ऑफिस नेलं, आणि आता दिवसातून दहादा जिने चढतात आणि धापा टाकतात. अशा बाईला काय म्हणायचं सांग.

आणि त्यांच्या जोडीला नम्रता मॅडम. या विशेष शिक्षिका, म्हणजे ओवीसारख्या मुलांसाठीच नेमलेल्या. परळपासून शीव कोळीवाड्यापर्यंत कितीतरी शाळा एकट्या सांभाळतात. अंगाने काडी, आवाज एवढासा, पण हट्ट विचारू नकोस. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की दुसरं सत्र संपेपर्यंत ओवीने फाटकापासून बाकापर्यंत एकटीने जायचं, डबा आपला आपण खायचा, पेपर आपल्या हाताने लिहायचा. जादा वेळ लागला तर तो नियमाने मिळतो. हे आत्ता जमलं नाही तर पुढे हायस्कुलात पोरगी कोणाच्या तरी तोंडाकडे बघत बसेल, आणि एक दिवस शाळाच सोडेल. ‘आजोबा काही कायमचे पुरणार नाहीत,’ हेही माझ्या तोंडावर म्हणाल्या. मला असा राग आला! म्हटलं, मॅडम, मी काय आजच निघालोय?

सुरुवातीला मदतनीस म्हणून त्यांनी मला शेवटच्या बाकावर बसू दिलं होतं. तिथे माझ्याकडून जरा घोटाळे झाले. वर्गाच्या बाईंनी ओवीला विचारलं, कोयना नदी कुठे उगम पावते? आता पोरीला शब्द जुळवायला वेळ लागतो, बाई शांतपणे थांबल्या, वर्ग थांबला, आणि मला काही थांबवेना. ‘महाबळेश्वर!’ म्हणून मी उभा राहून ओरडलो. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ओवी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला व्हरांड्यात बसवलं. तिथून मी खिडकीतून हातवारे करायचो, म्हणून फाटकाबाहेर. अशी माझी पायरीपायरीने बदली झाली.

तेवढ्यात शाळेच्या दाराशी रॅम्प झाला. व्यवस्थित, बेताच्या उताराचा, दोन्ही बाजूंना धरायला दांडा. वॉकर घेऊन थेट वर्गात! माझा ऊर भरून आला. आणि आक्का, तुला ठाऊक आहे, मी जयंती उत्सव समितीचा इतकी वर्षं कार्यवाह. आम्हा लोकांचा ऊर भरून आला की आम्ही स्टेज बांधतो. दुसरं काही येतच नाही आम्हाला. मी मोठ्या बाईंकडे हट्ट धरला, की रॅम्पचं रीतसर उद्घाटन झालं पाहिजे, सगळ्यांचा शाल-गुच्छ देऊन सत्कार झाला पाहिजे, आणि फीत ओवीने कापली पाहिजे. बाई नको नको म्हणत होत्या. मी ऐकतो होय?

लालबागचा चिंतामणी मंडपवाला माझा जुना दोस्त. त्याने सकाळी माणसं लावून स्टेज ठोकलं, लाल गालिचा, मागे बॅनर, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. मी त्याला बजावलं होतं, फोटोत मागे रॅम्प दिसला पाहिजे. तो म्हणाला, साहेब, बिनधास्त. आणि त्याने काय केलं, तर स्टेज नेऊन बरोब्बर रॅम्पच्या तोंडाशी चिकटवलं! वर चढायला छान तीन लाकडी पायऱ्या. मी स्वतः फिरून बघितलं, एक पायरी हलत होती ती ठोकून घेतली, आणि शाब्बास म्हणालो. शप्पथ सांगतो, कोणाच्या म्हणजे कोणाच्या लक्षात आलं नाही.

शिक्षण विभागाचे साहेब आले, मोठ्या बाई आल्या, मी वर गेलो, सगळ्यांच्या गळ्यात हार पडले. माइकवर मी जोरात पुकारलं, आता आपली उत्सवमूर्ती ओवी हिने स्टेजवर यावं! ओवी नवीन फ्रॉक घालून वॉकर सरकवत आली, आणि पायऱ्यांपाशी थांबली. वर बघितलं. मागच्या रॅम्पकडे मान लांब करून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आक्का, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

लगेच सात-आठ जण धावले, उचला उचला म्हणत. चिंतामणीने तर बाह्या सरसावल्या. तेवढ्यात नम्रता मॅडमनी माझ्या हातातला माइक काढून घेतला, आणि त्या एवढ्याशा आवाजात म्हणाल्या, ‘तिला कोणी उचलायचं नाही. आपण सगळे खाली उतरू या.’ आणि काय सांगू, उतरले की गं सगळे! साहेब हारासकट उतरले, मोठ्या बाई उतरल्या, ज्याने त्याने आपापली खुर्ची उचलली. साहेबांनी शिवाय गालिचा गुंडाळायलाही हात लावला. (चांगला माणूस. त्यांच्या शालीला खिळा लागून भोक पडलं, एक शब्द बोलले नाहीत.) चिंतामणी लाजेने लाल झाला होता, त्याच्या पोरांनी बघता बघता स्टेज उखडलं. रॅम्प मोकळा झाला.

मग ओवी निघाली. अर्ध्यावर तिचा पाय जरा अडकला. मी धावलो, तिच्यापुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिलो, ये बाळा, ये. ती थांबली, दम घेतला, आणि हळूहळू शब्द जुळवून म्हणाली, ‘आजोबा, तू वाटेत उभा आहेस.’

झालो बाजूला. ती गेली वरपर्यंत. कात्री धरायला हात मोकळे कुठले, तिने वॉकर तसाच पुढे रेटला आणि फीत तुटली. टाळ्यांनी शाळा दणाणली, मोठ्या बाईंनी उघड उघड डोळे पुसले, आणि माझं लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. बाकी राहिलेल्या शाली घरी आणल्या आहेत, एक तुला पाठवतो.

आक्का, आपल्या लहानपणी पाय अधू असलेल्या पोराला उंबऱ्याशी बसवून ठेवायचे, आठवतं ना? इथे एका पोरीसाठी बाकं खाली आली, ऑफिस वर गेलं, साहेबांनी खुर्ची उचलली. या माणसांचे उपकार मी कसे फेडणार? अंगाच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी कमीच. बाकी सर्व क्षेम. निलेशला आणि मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्याबद्दल एखादी ओळ लिहायला हरकत नाही, एखादीच.

तुझा,
सीताराम

ता. क. आता खरं कारण लिहितो. मधे मला ताप आला म्हणून मी चार-पाच दिवस शाळेकडे फिरकलो नाही. नंतर कळलं, त्या दिवसांत ओवीने डबा स्वतः उघडला, चाचणी आपल्या हाताने लिहिली, फाटकापासून एकटी गेली. मी परत फाटकाशी उभा राहायला लागलो, आणि पोरगी पुन्हा माझी वाट बघत थांबायला लागली. मला सगळे मान देतात, कोणी तोंडाने म्हणत नाही. पण मला कळतं गं. तेव्हा तू अजितला फोन कर आणि सांग, की घराची कौलं बदलायची आहेत, निलेशला एकट्याला उरकत नाही, सीतारामला सत्र संपेपर्यंत पाठवून दे. मी आधी नाही म्हणेन, तू जरा रागाव. मी लिहिलं होतं हे मात्र कळता कामा नये. कार्यवाहाची काही इज्जत असते.

ता. क. दुसरा. पाकिटावर पत्ता ओवी लिहिणार आहे, तेवढाच हाताला सराव. आतलं वाचायचं नाही असं बजावून तिच्याकडे देतोय.

*मीराआजी, मी वाचलं. बाबा पण तुला फोन करणार आहे, आजोबांना बोलावून घे असं सांगायला. त्याचं पण कौलांचंच निमित्त ठरलंय. दोघांना एकमेकांचं सांगू नकोस. पण सत्र संपल्यावर लगेच परत पाठव. मला शाळेत न्यायला तो नको. शाळेतून आल्यावर सगळं सांगायला तो पाहिजे. – ओवी*