बिनभात्याची पेटी

आबा, आज मी पुन्हा एकदा कीबोर्ड घ्यायला गेले होते आणि इतक्या वर्षांनंतरही तुमच्यामुळेच माझं डोकं फिरलं. तुमची नात आता सहावीत आहे. तिच्या संगीताच्या सरांनी चिठ्ठीच लिहून दिली होती: एकसष्ट पट्ट्यांचा घ्या, पट्ट्या पूर्ण मापाच्या बघा, खेळण्यातला आणू नका. जालन्यातलाच तो रस्ता, दुकान मात्र दुसरं. दुकानदाराने मोबाइलवरचं बोलणं न थांबवता मला विचारलं, "बिगिनरसाठी दाखवू की एक्सपिरियन्स्डसाठी?" साधा प्रश्न होता. नातीने "बिगिनर" म्हणून सांगूनही टाकलं. पण मी तिथे काउंटरला हात टेकून उभी राहिले आणि मला तुमचा असा राग आला, असा राग आला, की पोरगी म्हणाली, मम्मी, काय झालं? काय सांगणार तिला! तुझ्या आजोबांनी एकदा याच प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं होतं, हे सांगायला दुकान ही जागा नव्हे. म्हणून घरी आल्यावर वही घेऊन बसले आहे.

तुम्ही आष्टीचे पेटीवाले. दिवसभर रोडच्या गँगवर मुकादम, खडी आणि डांबर. संध्याकाळी विहारासमोरच्या ओट्यावर गायन पार्टीची पेटी. जयंती असो, कुणाच्या घरचं बारसं असो, गृहप्रवेश असो, आजूबाजूच्या गावांतून तुमच्या पार्टीला बोलावणं यायचं. गाणारे बदलत गेले, ढोलकीवाले काका आणि तुम्ही तेवढे कायम. पेटीला कुणी हात लावलेला तुम्हाला चालत नसे. मी आठ वर्षांची असताना एकदा तुम्ही कामावर गेल्यावर झाकण काढलं, पट्टी कशी दाबायची ते ठाऊक नव्हतं, मागचा भाता तेवढा हलवत बसले. तुम्ही परत आलात आणि दारातूनच ओरडलात, "बाई, बोट न्हाई ठिवलं तर दम देऊ नको! फुटंल ती!" दम. पेटीत हवा भरण्याला तुमचा हा एकच शब्द. डावा हात पेटीला दम देतो, उजवा गाणं काढतो, आणि दोघांचं पटलं तरच पेटी बोलते, असं तुम्ही ऐकायला बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात.

आणि नेमका तो डावा हातच गेला. मी तेव्हा जालन्याला नर्स म्हणून नुकतीच लागले होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे लकव्यानंतर तुम्हाला आष्टीला एकटं ठेवायचा प्रश्नच नव्हता. माझ्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये घेऊन आले. बोलणं शाबूत होतं. पाय ओढत का होईना, चालत होतात. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवला. मी रोज त्याला मालीश करायचे, एकेक बोट उघडायचे-मिटायचे आणि म्हणायचे, येईल हो आबा, हळूहळू येईल. येणार नाही हे मला माहीत होतं. तुम्हालाही बहुतेक माहीत असावं, कारण तुम्ही हाताबद्दल कधीच विचारलं नाही, विचारायचात ते पेटीबद्दल. जयंती तीन महिन्यांवर आली होती आणि पार्टी तुमच्याशिवाय बसेल की काय, ही एकच धास्ती तुम्हाला खात होती. शेवटी ढोलकीवाले काका एसटीच्या टपावर टाकून पेटी घेऊन आले.

त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून जे म्हणालात ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "बाई, तू जरा बाजूला बसून दम देशील का? जास्ती न्हाई, धा मिन्टं. बोटं आखडून राह्यलीत." ज्या माणसाने आयुष्यभर त्या भात्याला कुणाला शिवू दिलं नाही, तो मला बोलावत होता. मी म्हणाले, आबा, आत्ता ड्यूटी आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, थकले आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंच नाही, आणि मीच मोठ्या हुशारीने म्हणाले, चला, तुम्हाला बिनभात्याची पेटी घेऊन देते, एका हाताने वाजते, कुणाचा आधार नको.

मग ते दुकान! आबा, रुग्णांच्या नातेवाइकांनीही मला इतकं छळलेलं नाही. दुकानदार बिचारा भला माणूस. स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "चाचा, सीखनेवाले के लिए चाहिए या बजानेवाले के लिए?" आणि तुम्ही, तीस वर्षं पेटी वाजवलेले तुम्ही, खाली मान घालून म्हणालात, "शिकाऊच दाखवा. ह्याच्यात म्या शिकाऊच हाय." मी मधे पडले, सांगितलं की आमचे वडील नावाजलेले पेटीवाले आहेत. तोवर त्याने लहान मुलांचा एक काढून ठेवलाही होता. पट्ट्या एवढ्याशा. खडी फोडून जाड झालेलं तुमचं बोट एकीवर ठेवलं की दोन वाजायच्या. "बघ, जोडीनं बोलून राह्यली," म्हणून तुम्ही हसलात. मी हसले नाही. त्याने मोठा काढला. त्याच्या पट्ट्या पेटीसारख्या, बोट बरोबर बसत होतं. तुम्ही एक सूर धरला आणि धरूनच बसलात. सूर आपला एकसारखा, ना चढतोय ना उतरतोय. तुमचा उजवा खांदा पुढे-मागे होत होता, डाव्या हाताचं काम जणू खांद्यावर घेतल्यासारखा. मग म्हणालात, "आवाज चांगलाय. पण ह्याला दम न्हाई."

"दम नाही म्हणूनच तर घेतोय ना, आबा!" मी इतक्या जोरात बोलले की रस्त्यावरचं कुणी आत डोकावलं.

एवढ्यावर भागेल तर ते तुम्ही कसले. दुकानदाराने ठेक्याचं बटण दाबून दाखवलं, आतून ढोलक वाजायला लागली. तुम्ही विचारलंत, "मंग ढोलकीवाल्यानं कुठं जावं?" त्याने समजावलं की ते बटण बंद ठेवता येतं. तुम्हाला पटलं नाही. तुमची पार्टी काळी चारमध्ये गायची, चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. त्याने दाखवलं, चाचा, हे दाबा, मग पांढरीपासून वाजवलं तरी काळी चारचा सूर निघतो, शिकाऊला सोपं जातं. तुम्ही हात मागे घेतलात. "बोट पांढरीवर आन् आवाज काळीचा? हे तं खोटं बोलणं झालं, भाऊ." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मला सांगा, आबा, एका हाताच्या माणसाने इतकं चोखंदळ असावं? दोन वाजले, साडेतीन वाजले. मी पाय बदलत उभी. शेवटी मोठाच घेतला, सहा मोठे सेल टाकून, दोऱ्याने बांधून रिक्षात ठेवला.

तरी तुम्ही शिकलात. हे कबूल केलं पाहिजे. दीड-दोन महिने त्या कॉटवर बसून रोज वाजवलंत, चुकलात की स्वतःवरच करवादलात. जयंतीच्या आदल्या दिवशी काका येऊन तुम्हाला, कीबोर्डला आणि पेटीलाही आष्टीला घेऊन गेले. मला रजा मिळाली नाही, म्हणून पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. गावभर निळे झेंडे, ओट्यासमोर सगळी वस्ती, पाहुणे आलेले. पहिली वंदना नीट झाली. दुसरं गाणं महापरिनिर्वाणाचं, बाया डोळ्याला पदर लावून ऐकताहेत, आणि गाणं संपवताना तुमचा हात आवाज कमी करायला गेला तो शेजारच्या बटणावर पडला. कंपनीने भरून दिलेली नमुन्याची धून सुरू झाली. कुठल्या तरी परदेशातली, टुणुकटुणुक नाचायची. बंदही होईना. आधी पोरं हसली, मग सगळेच. काका सांगत होते, "तुमचे आबा बी हासले बरं, पण लई उशिरानं हासले." मग तुम्ही तो कीबोर्ड बाजूला सारलात आणि पेटी मागवली. काकू, काकांची बायको, जिने जन्मात पेटीला हात लावला नव्हता, ती तुमच्या डाव्या बाजूला येऊन बसली. तुम्ही तिला म्हणालात, "वहिनी, माझ्या तोंडाकडं बघा. म्या श्वास घेतला का तुम्ही दम द्या." आणि पार्टी दुपारपर्यंत चालली. त्यानंतर तुम्ही जालन्याला आलाच नाहीत. आष्टीतच राहिलात, काकू रोज भाता द्यायला यायची, आणि पुढच्या जयंतीनंतर महिन्याभरात गेलात. तो कीबोर्ड माझ्याकडे परत आला. सेल काढायचे राहून गेले, ते आत फुटले.

किती वर्षं मी चिडून होते! एवढा घेऊन दिला, त्याची किंमत केली नाहीत. सगळ्यात खोट काढायची सवय. जे हाताशी आहे त्यात समाधान नाही. शेजारणींना मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगायचे, टुणुकटुणुक धून तोंडाने वाजवून दाखवायचे. अर्थात कुठल्या गाण्यानंतर ती वाजली, ते सांगायचे नाही.

दुकानातलं एक मी वर लिहायचं टाळलं आहे. खरं म्हणजे दुकानदाराने मोठे दोन दाखवले होते. एकाचा आवाज गोल, भरलेला, थोडाफार पेटीच्या वळणाचा; तुमचं बोट पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जात होतं. दुसऱ्याचा आवाज पातळ, पण त्याला कानाला लावायची सोय होती. वायर खुपसली की बाहेर काही ऐकू येत नाही, फक्त वाजवणाऱ्याला. मी म्हणाले, हा द्या. क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या, आबा. शेजारच्या सिस्टरच्या स्वयंपाकघरापर्यंत माझी ऊठबस होती, तिच्या देवघरासमोर बसून मी शेवया वळल्या होत्या. आपलं आडनाव कुणाच्याही घरात निघेल असं. तिने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. पेटी वाजली असती तर तुम्ही गायला असतात, आणि तुमचं पहिलंच गाणं ऐकून सगळं कळलं असतं. तुम्ही दम द्यायला बोलावलंत, त्या दिवशी ड्यूटी नव्हती मला. थकलेही नव्हते. आणि तुम्ही, पट्टीपासून ठेक्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत खोट काढलेले तुम्ही, ती वायर हातात घेतलीत, माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि पहिल्यांदाच वाद न घालता म्हणालात, "हाच घ्या. बाईला बराबर कळतंय." दीड-दोन महिने तुम्ही माझ्या घरात मुक्याने गाणी वाजवलीत, ओठसुद्धा न हलवता. मी समोर भाजी चिरत बसायचे. मला फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू यायची.

हे तुम्हाला वाचून दाखवायची वेळ गेली, आणि हे कागद कुठे ठेवायचे तेही मला सुचत नाही. नवऱ्याला दाखवले तर तो म्हणेल, काळ वेगळा होता, सोडून दे. काळ वेगळा होता असं म्हणायची माझीही इच्छा आहे. पण आज दुकानात पैसे देताना त्या दुकानदाराने नातीला सहज विचारलं, "घरात कुणी वाजवतं का, बेटा?" ती फुलून म्हणाली, "आजोबा! आजोबा मोठे पेटीवाले होते." तिला सगळं माहीत आहे, आबा, तुमची दोन गाणी तर तिला पाठ आहेत. दुकानदार माझ्याकडे वळला. "अरे वा! काय वाजवायचे? भजनं?"

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, हो, भजनं.