पारंपरिक नसलेल्या गाण्याबद्दल

बालाघाट, १२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप प्रेमलता आत्यास वैदेहीचा साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दोन तारखेला झालेल्या कार्यक्रमाला साठ माणसं होती. ते चूक आहे. एक्केचाळीस होती, आणि त्यातले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचायला आले होते, खुर्ची मिळाली म्हणून थांबले. त्याच पत्रात आणखी एक चूक आहे. ती मोठी आहे, म्हणून तिच्याकडे हळूहळू येते. आधी तुझा गुडघा कसा आहे? बैहरला थंडी पडली असेल. तेल लावतेस ना, की फक्त बाटली उशाशी ठेवतेस?

हल्ली पत्र कोण लिहितं, असं म्हणशील. पण तुझा फोन नीळकंठकाका उचलतात आणि तुझे मेसेजही तेच मोठ्याने वाचून दाखवतात (फॉरेस्टमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी टपाल आधी साहेबांकडेच जातं). आणि हे काकांनी वाचू नये असं आहे. म्हणून त्या कार्यक्रमातल्या महागूच्या हाती पाठवते. तो शनिवारी बैहरच्या बसने गावी जाईल. शिवाय शाळा माझी सगळी हिंदीतून झाली. मराठी बाराखडी, पेटी आणि खरं बोलणं, तिन्ही मी तुझ्या स्वयंपाकघरात शिकले. बोललेलं खोटं हवेत जातं, लिहिलेलं खोटं कपाटात राहतं, असं तू म्हणायचीस. तुझ्या कपाटात आठ दिवसांपासून माझं एक खोटं पडून आहे आणि मला इथे जेवण जात नाही (काल तीन पोळ्या खाल्ल्या, पण चव लागली नाही).

तर झालं असं. कार्यक्रमात चार कलावंत होते आणि चौघंही आपापल्या ठिकाणी मुख्य. अश्विन गिटार वाजवतो, त्याचा स्वतःचा रॉक बँड आहे. ड्रमवाला महेंद्र लग्नाच्या बँड पार्टीचा मालक. महागू मांदर, म्हणजे आदिवासींचा ढोल, वाजवतो आणि करमा नाचाच्या मंडळाचा पुढारी आहे. चौथ्या किरनापूरच्या विमलाबाई. त्यांच्या गाण्याशिवाय तिकडे नवरीला हळद लागत नाही. लोकगीतं आणि रॉक एकत्र वाजवायचं म्हणून चौघांनी मिळून नवा गट काढला आणि नाव ठेवलं ‘चार आचारी’. पुढे काय होणार ते नावातच लिहिलेलं होतं, पण मी हँडबिलातल्या वेलांट्या तपासत बसले होते.

मोठा कलावंत शेवटी गातो, हा आपल्याकडचा रिवाज. हे चौघंही आयुष्यभर शेवटीच गात आलेले. तालमीत हा प्रश्न निघालाच नाही, कारण तालमीला कोणी वेळेवर येतच नसे (प्रत्येकाला शेवटी यायचं होतं). हॉल इतका लहान की पहिल्या रांगेतल्यांचे गुडघे महेंद्रच्या ड्रमला टेकलेले. त्यामुळे जे भांडण झालं, ते माइकशिवायही मागच्या कपाटापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

“मी काहून पहिले गाऊ? पहिले तं पोट्टे गातेत,” विमलाबाई म्हणाल्या.

“मांदर पहिले बजेगा, तो फिर बाद में क्या बजेगा?” महागूने विचारलं.

महेंद्र म्हणाला, “बँड पहिले वाजते, हौ. पन थो नवरदेवासाठी. इथं नवरदेव कोन आहे?” (वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांनी मान खाली घातली.)

आपल्याला कोणी विचारू नये म्हणून अश्विन वीस मिनिटं गिटारच जुळवत होता. शेवटी विमलाबाई म्हणाल्या, “तारा पिळून राह्यला का कपडे?” लोक हसले, आणि श्रोत्यांतले दोघं उठून चपला शोधू लागले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, म्हणून मी हात जोडून सर्वांची माफी मागायला उभी राहिले. विमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “ए पोरी, तूच गा. तू तं कोनीच नाहीस.”

आत्या, ही पात्रता माझ्याकडे पूर्ण होती. मी पेटीसमोर बसले. पाठ असलेली सगळी गाणी पळून गेली, एकच उरलं, तू पोळ्या लाटताना गायचीस ते:

जीप गेली जंगलात, डबा राह्यला घरी,
साहेब माहे उपाशी, वाघ पोटभरी.

गाण्याआधी काहीतरी सांगावं लागतं, आणि घाबरून मी सांगितलं, “हे एक पारंपरिक लोकगीत.” हीच ती मोठी चूक, गाणं तर तू बांधलेलं; आणि मागच्या पत्रातही मी तसंच लिहिलं, वर ते चौघांनी गायलं असंही लिहिलं. वाघ येताच महेंद्रने ड्रमवर डरकाळी काढली. महागूला राहवेना, त्याने मांदर ओढून घेतला. अश्विनची गिटार एकदाची जुळली. विमलाबाईंनी ‘डबा राह्यला’ ही ओळ अशी काही उचलली की चपला शोधणारे परत बसले. गाणं अठरा मिनिटं चाललं. चौघंही मधूनच शिरले, त्यामुळे कोणी पहिलं नव्हतं, कोणी शेवटचं नव्हतं.

आता पुढच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवरही ‘पारंपरिक’ छापलंय. विमलाबाई तर शपथेवर सांगतात की त्यांची आजी हे गात असे. गाण्यात जीप आहे, हे मी लक्षात आणून दिलं, तर म्हणाल्या, आजी फार पुढची बाई होती. वर्षभरात हे गाणं सगळ्यांचं होईल, आणि एकटीचं ते कधीच नव्हतं असं होईल. मला तुझं नाव सांगायचंय. पण मी आठ वर्षांची असताना तूच बजावलं होतंस, “काकांनी विचारलं तर जुनं गाणं आहे म्हण.” साहेब म्हणजे कोण हे त्यांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल, ही तुझी भीती. तू नाही म्हणालीस तर मी गप्प राहीन, पण ते गाणं पुन्हा गाणार नाही.

गुडघ्याला आणि काकांना जप.

तुझी, खोटं लिहून पस्तावलेली,
वैदेही

ता. क. (शनिवार, १५ नोव्हेंबर) महागूची बस सुटायच्या आत लिहिते. काल नीळकंठकाका बँकेत हयातीचा दाखला द्यायला आले होते. तिथून वाचनालयात आले तेव्हा वर तालीम चालू होती. सगळी कडवी जिन्यात उभं राहून ऐकली आणि मग वर आले. मी पेटीमागे लपले (मावले नाही). काका म्हणाले, “हे तुह्या आत्याचं गानं आहे. मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जुन्या गान्यात माह्या जीपचा नंबर असते का?” आत्या, तिसऱ्या कडव्यात तो नंबर आहे, हे आपण दोघी विसरलो होतो. डब्याविषयीही ते काही बोलले. ते तुला न सांगण्याची शपथ घातली आहे, आणि शपथ मी मोडत नाही. फक्त एवढंच विचारते, डबा घरी राहायचा त्या दिवशी भाजी दुधीची असायची का?

ता. क. २. खरं मागणं हे आहे. काकांचं ऐकून विमलाबाईंनी आपल्या आजीला गाण्यातून परत नेलं आणि म्हणाल्या, “जिनं गानं बांधलं तिनं शेवटी गावं. तिच्या पहिले गायाले आमाले कायची लाज?” बाकी तिघांनीही मान डोलावली. म्हणजे तू शेवटी गायला बसलीस, तरच हे चौघं सुरू होतात. तू आली नाहीस तर पुन्हा ‘आधी तुम्ही’, आणि पुन्हा मीच कोणी नाही. काकांनी जीप ठरवली आहे आणि डबा आपण स्वतः घेणार असं सांगितलं आहे. तू ये किंवा नको येऊ, माइक आधी माझ्याच हातात येतो, आणि ‘पारंपरिक’ हा शब्द परत घेऊन मी तुझं नाव सांगणार आहे: रविवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजता.