चहाच्या वेळचं ऊन

ॲडलेड, सप्टेंबर १९५३

प्रिय विनीताई,

मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर. फक्त डोकं भडकलंय.

जूनपासून हिवाळाभर लाल दिव्यात बसून बनवलेलं माझं रसायन काल वाया गेलं. साधा उजेड लागला तरी ते फिकं पडतं, म्हणून दारावर ठळक पाटी लावली होती. तरी आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर प्रिडमनी दहाच्या चहाला खिडकीचे पडदे बाजूला सारले! वर म्हणतात, "लेस्टर, लेका, एवढं ऊन पडलंय, अंधारात बिस्किटं काय खातोस?"

मी कॉलेजात गेलो नाही, पण पाटी वाचून वागतो.

डिसेंबरच्या परिषदेत त्या रसायनाचा वर्णपट दाखवला नाही, तर माझी जागा जाईल. आईला सांगू नकोस.

तिचा खोकला कसा आहे? युद्धात खिडक्यांना लावलेले तिचे काळे पडदे असतील तर पाठव. या वेळी चारही बाजूंनी खिळे ठोकणार आहे.

तुझा संतापलेला पण धडधाकट भाऊ,
लेस्टर