रिकामा रकाना: टोर्बियोर्ग स्किपनेस यांचे मृत्युपत्र

मी, टोर्बियोर्ग स्किपनेस, वय वर्षे पंच्याऐंशी, निवृत्त न्यायाधीश, राहणार हेरवोग, ट्रोम्स परगणा, हे मृत्युपत्र माझ्याच हस्ताक्षरात व माझ्याच मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, परंतु कायद्याला त्यांची गरज लागत नाही. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करते. त्यांतील पहिले भोळे होते आणि दुसरे भित्रे.

मला अपत्य नाही. माझे पती इंगेब्रिक्त यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. वारस म्हणता येईल असा एकच माणूस उरला आहे, तो म्हणजे माझ्या भावाचा मुलगा ट्रूल्स.

कलम १. हेरवोग येथील राहते घर आतील सामानासह ट्रूल्सला मिळावे. दक्षिणेकडची खिडकी रुंद करू नये अशी अट मी आधी घातली होती. "आत्या, अगं खिडकी आहे का तुरुंगाचं भोक?" असे तो दर नाताळला विचारतो. तुरुंग मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांच्या खिडक्या याहून मोठ्या असतात, असे मी त्याला दर नाताळला सांगते. अट मागे घेत आहे. मेलेल्या माणसाने खिडक्यांवर हुकूम चालवू नये.

कलम २. शेजारी राग्नवाल्ड याने चौदा हिवाळे आपल्या यंत्राने उडवलेला बर्फ माझ्या फाटकाशी रचला. त्याला माझे बर्फाचे फावडे द्यावे. ते कसे धरतात हे ट्रूल्सने दाखवावे.

कलम ३. कायद्याची पुस्तके जिल्हा न्यायालयाच्या ग्रंथालयास, बाकीची गावच्या वाचनालयास. बँकेतील शिल्लकही वाचनालयासच. समासातील माझी टिपणे कोणी खोडू नयेत. त्यांतील निम्मी चुकीची आहेत, पण कोणती ते वाचणाऱ्याने शोधावे.

कलम ४. लिहिण्याच्या मेजावर काचेचा एक ठोकळा आहे. त्याच्या आत धरणाची आकृती कोरलेली आहे. गुओव्झा धरणाच्या उद्घाटनाच्या दिवशी वीज कंपनीने असा ठोकळा धरणाची जागा निवडणाऱ्या समितीतील प्रत्येकाला दिला. तो कोणालाही देऊ नये.

कलम ५. मेजाच्या खालच्या खणात हिरव्या पुठ्ठ्याची एक वही आहे. या मृत्युपत्राचे खरे कारण ती वही आहे, म्हणून हे कलम लांब होईल.

सन १९७७ मध्ये स्कारव नदीवरील वीजप्रकल्पाच्या दोन पर्यायांची तुलना करण्यासाठी समिती नेमण्यात आली. मी तिची कायदेविषयक सचिव होते. दोन्ही पर्यायांतून मिळणारी वीज जवळजवळ सारखी होती, त्यामुळे निवड नुकसानीच्या मोजमापावर होणार होती. खालच्या पर्यायात ब्योर्कदाल दरीच्या तोंडाशी धरण बांधायचे होते. त्यात बर्चचे जंगल, साल्मन मासे अंडी घालतात ते खडीचे पात्र आणि अकरा उन्हाळी कुरणघरे पाण्याखाली गेली असती. वरच्या पर्यायात पठारावरील गुओव्झा तलावाची पातळी सतरा मीटरने वाढवायची आणि हिवाळाभर ते पाणी बोगद्यातून खाली जनित्रांकडे सोडायचे, असे होते. वर एकही घर नव्हते.

आम्ही तक्ता केला. मासे, जंगल, पक्षी, शेती, देखावा, रेनडियरपालन, अशा ओळी. प्रत्येक ओळीत प्रत्येक पर्यायाला नुकसानीचे शून्य ते चार गुण. ज्याची बेरीज कमी तो पर्याय स्वीकारायचा. गुण आकड्यांच्या आधारे द्यायचे, आणि ज्या रकान्याला आधाराचा आकडा नाही तो बेरजेत शून्य धरायचा, हा नियम मी लिहिला. नियम स्वच्छ होता. स्वच्छ नियमांचा मला त्या काळी फार अभिमान होता.

पठाराची पाहणी ऑगस्टमध्ये झाली, कारण तोवर वरची वाट मोकळी होते. ऑगस्टमध्ये कळप समुद्राकाठी असतात. आमच्या प्राणिशास्त्रज्ञाने "वावर आढळला नाही" असे प्रामाणिकपणे लिहिले. लेखी हरकतींची मुदत पुढच्या मे महिन्यात संपली. मे महिन्यात रेनडियरच्या माद्या वितात, आणि त्या दिवसांत कळप सोडून टपालाने कागद पाठवायला कोणी खाली उतरत नाही. हे मला ठाऊक होते. मी याच गावात वाढले आहे.

जूनच्या अकरा तारखेला रिस्तेन उत्सी माझ्या कचेरीत आली. पठारावरचा कळप तिच्या कुटुंबाचा होता. मी तिला बसायला सांगितले.

"बसायला नाही आले. कळप समुद्राकडे निघालाय, मला संध्याकाळच्या आत गाठायचाय. तुम्ही ते तलावाचं बघता ना? मग ऐका. एप्रिल संपता संपता गाभण माद्या तलाव ओलांडून पलीकडे जातात. बर्फावरून. पलीकडच्या उतारावर जमीन आधी उघडी पडते, तिथं त्या वितात. आता तुम्ही हिवाळाभर खालून पाणी काढून घेणार. मग वरचा बर्फ कशाच्या आधारावर राहील?"

"हे लेखी द्यावे लागेल. आणि मुदत उलटून गेली आहे."

"लेखी काय, बोलतेय की समोर! तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं असणार."

मी लिहिले. तिचा शब्द न् शब्द त्या हिरव्या वहीत आहे, तारखेसह. मग मी विचारले, "जनावरे किती?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिच्यासमोर नाक शिंकरून हात पडद्याला पुसला होता.

"असं कोणी विचारतं का हो बाई? मी विचारलं का, तुमच्या कपाटात काय काय आहे?"

"आकड्याशिवाय गुण देता येत नाहीत."

"मग लिहा, बुडायला पुरेशी आहेत." आणि ती गेली.

कळपवाल्याला जनावरांची संख्या विचारू नये, हे आमच्याकडे शाळेत जाण्याआधीच मुलांना कळते. विचारण्याची गरजही नव्हती. त्याच इमारतीत, माझ्या खोलीपासून दोन दारे सोडून, रेनडियरांच्या वार्षिक मोजणीचे दफ्तर होते. पन्नास पावले. मी उठले नाही. मुदत उलटली होती, नियम माझ्या बाजूचा होता, आणि वरच्या पर्यायाचा रेनडियरपालनाचा रकाना मी रिकामा ठेवला.

बेरीज झाली तेव्हा वरच्या पर्यायाला चौदा आणि खालच्या पर्यायाला पंधरा गुण पडले. एका गुणाने पठार बुडवायचे ठरले. त्या रकान्यात दोन जरी असते तरी निकाल फिरला असता.

समितीचे अध्यक्ष, अभियंता ओड्डमुन्ड ब्राटलान्ड, यांनी बोट ठेवून विचारले, "हा रिकामा का?"

"आकडा मिळाला नाही."

"मग शून्य. नियम तुमचाच ना, स्किपनेस?"

खालच्या पर्यायात बुडणाऱ्या अकरा कुरणघरांपैकी एक माझ्या वडिलांचे होते. ते मी ब्राटलान्ड यांना पहिल्याच बैठकीत सांगितले होते. "तुमच्या बाबांच्या तीन शेळ्यांनी राज्याचा तोल जाईल असं वाटतं होय तुम्हाला?" असे ते म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. इतिवृत्तात याची नोंद नाही. इतिवृत्त मी लिहीत असे.

त्या घरासाठी मी रकाना रिकामा ठेवला का? तेव्हा मला तसे वाटले नव्हते. हे मी बचाव म्हणून मांडत नाही. हेतू मनात नव्हता म्हणून परिणाम बदलत नाही, हे मी न्यायासनावरून इतरांना तीस वर्षे ऐकवले आहे.

सन १९८६ च्या मे महिन्याच्या दोन तारखेला कळप तलाव ओलांडत होता. पाणी कितीतरी खाली गेलेले, वर बर्फ छतासारखा लोंबत राहिलेला. तो काठाशी तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. तिने नाव सांगितले नाही, मला ते लागलेही नाही.

"एकसष्ट," रिस्तेन म्हणाली. "सगळ्या गाभण. आकडा हवा होता ना तुम्हाला? आता लिहा."

मी तो आकडाही त्याच वहीत लिहिला. त्यानंतर सदतीस वर्षे मी ती वही कोणालाही दाखवली नाही. रिस्तेन बारा वर्षांपूर्वी वारली. मी अंत्यविधीला गेले होते, शेवटच्या बाकावर बसले, आणि विधीनंतरच्या कॉफीसाठी थांबले नाही.

आता धरणाच्या परवान्याच्या अटींची फेरतपासणी सुरू आहे. सुनावणी येत्या वीस नोव्हेंबरला आहे. रिस्तेनची मुलगी मारेत उत्सी हिची मागणी एकच आहे: एक एप्रिलपासून कळप पलीकडे पोहोचेपर्यंत तलावाचे पाणी ठरावीक खुणेखाली नेऊ नये. कंपनीचे उत्तर असे, की निवडीच्या वेळी हा धोका कोणीही दाखवला नव्हता. कळपवाल्यांनी तेव्हा मौन बाळगून संमती दिली आणि आता मागणी करतात. हे खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचा लेखी पुरावा ती वही सोडून दुसरा नाही. सबब ती वही माझ्या मृत्यूनंतर मारेत उत्सी हिच्या स्वाधीन करावी.

कलम ६. ब्योर्कदाल येथील कुरणघर, त्यासोबतचे बर्चचे रान आणि नदीकाठची होडी हेही मारेत उत्सी हिला मिळावे. ट्रूल्सला मी हे आधीच सांगितले. तो चिडला. "आत्या, आजोबांचं घर आहे ते! आणि तिला काय करायचंय तिथं? ते लोक तर वर राहतात." राहत होते, असे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ चमचा कपात फिरवत राहिला, आणि साखर तर तो घेत नाही.

कलम ७. वरील दोन कलमे मी गेल्या रविवारी लिहिली. गुरुवारी मारेतला बोलावून वाचून दाखवली. तिने कोट काढला नाही.

"मेल्यावर?" ती म्हणाली. "सुनावणी तर या महिन्यात आहे."

मी म्हणाले, माझी तब्येत पाहता फार फरक पडणार नाही.

"पडतो ना. मेलेल्या माणसाला कोणी उलट प्रश्न विचारत नाही, म्हणून तुम्हाला तसं बरं वाटतंय. कंपनीचा वकील म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला होता. तेव्हा तुम्ही कुठं असणार?"

युक्तिवाद निर्दोष होता.

"आणि ते घर ठेवा तुमच्याकडेच. मला घर नको, स्किपनेसबाई. मला मे महिन्यापर्यंत तलावात पाणी हवंय."

सबब असे लिहून ठेवते, की हिरवी वही आज मी मारेतच्या हाती दिली आहे आणि तिची पोच घेतली आहे. कलम ५ मधील देणगी जिवंतपणीच पुरी झाल्याने ते कलम निष्प्रभ झाले. कलम ६ मी रद्द करते. कुरणघर ट्रूल्सला जाईल. त्याला आनंद होईल, मला होत नाही. दोन्ही कलमे मी खोडलेली नाहीत. मी आधी काय करणार होते, ते वाचणाऱ्याला दिसावे.

वीस नोव्हेंबरला मी स्वतः सुनावणीस हजर राहीन आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देईन. कुरणघराविषयी कोणी विचारले नाही, तर मी आपण होऊन सांगेन. त्या तारखेपूर्वी मला मृत्यू आल्यास हे मृत्युपत्र आधी सुनावणीत मोठ्याने वाचावे, नातेवाईकांसमोर नंतर. त्यासाठी माझ्या दफनाची वाट पाहू नये.

या पत्राने मारेत उत्सी हिला आता काहीच मिळत नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून तिची सही चालते. मी तिला तसे विचारले. "करते," ती म्हणाली, "पण सगळं वाचून." तिला पाऊण तास लागला. एका ठिकाणी तिने चूक दुरुस्त करायला लावली. आईच्या फोनची वेळ सकाळची नव्हती, दुपारची होती, असे तिचे म्हणणे; तेव्हा ती आईच्या शेजारीच उभी होती. वरच्या मजकुरात मी फेरफार केलेला नाही. दुरुस्ती इथे नोंदवते: दुपारी.

हे सर्व मी वाचले आहे, मला समजले आहे, आणि मला ते मान्य आहे.

(सही) टोर्बियोर्ग स्किपनेस

आम्ही दोघी एकाच वेळी हजर असताना टोर्बियोर्ग स्किपनेस यांनी वरील सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि त्यांना कोणी भरीस घातलेले नव्हते.

(सही) ग्रो लेइरविक, शिक्षिका, हेरवोग
(सही) मारेत उत्सी, रेनडियरपालक, गुओव्झा

हेरवोग, दिनांक ३ नोव्हेंबर २०२३