तासभर चालू दे

बेंगळुरू,
शनिवार, १२ जुलै २०२५

ती. अण्णांना दैवशालेचा नमस्कार.

गुडघ्याचं तेल कुरिअरनं पाठवलंय. आईला सांगा, शेंगाची चटणी पोचली, अर्धी ऑफिसातच संपली. फोन करावा तर दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या पंपाच्या मोटारींच्या आवाजानं तुमचे कान गेलेले, आणि आमचे बंधुराज, समर्थ, फोनचा स्पीकर लावून सगळ्या दुकानाला ऐकवतात. म्हणून हे पत्र. चष्मा लावून स्वतः वाचा.

आधी एक काम करा. सरपंचांना, म्हणजे सिद्रामप्पांना, सांगून जळकोटातला माझा सत्कार रद्द करा. रजा मिळाली नाही म्हणावं. फ्लेक्स लागला असेल तर उतरवा, त्यातला माझा फोटोही भयंकर आहे.

मी मॅनेजर झाले तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "म्हंजी आता पाना हातात धरायचा न्हाय व्हय?" मी हसले होते. अण्णा, तीन वर्षं झाली, माझ्या हाताला ग्रीस लागलेलं नाही. दिवसभर नुसत्या तारखा. कुणाचं काय अडलं ते विचारायचं आणि संध्याकाळी वरच्यांना सांगायचं, सगळं वेळेवर आहे. वीट आलाय मला या कामाचा. उपग्रह बनवायला आले होते, तारखा राखत बसलेय.

रजेचं खोटं आहे. खरं सांगते.

आमच्या उपग्रहात मोटारीवर फिरणारी तीन छोटी चाकं असतात. त्यांच्यामुळं त्याचं तोंड जमिनीकडं राहतं. चाचणीत एका चाकाची मोटार जरा जास्त करंट घेत होती. तुम्ही नुसता हात ठेवून ओळखलं असतं. इथं ते चाचणी घेणाऱ्या प्रतीक्षानं ओळखलं. प्रतीक्षा म्हणजे ढोकीची, "पोरगी लई हुशार हाय, बघ" म्हणून तुम्हीच जिच्याबद्दल सांगितलं होतं, ती.

ती म्हणाली, "मॅडम, अजून चार दिवस चालवून बघू."

मी म्हणाले, "तारीख हुकली तर पुढचं रॉकेट वर्षानं मिळेल."

"मग निदान तसं लिहून ठेवते."

"लिहू नकोस. लिहिलं की फाइल अडकते. तोंडी सांगितलंस, बास झालं."

आणि मी सही केली.

उपग्रह वर गेला, पेपरात फोटो आला, तुम्ही पेढे वाटले. सव्वीस दिवसांनी ते चाक जाम झालं. आता तो वर गरगर फिरतोय आणि आम्ही खाली मीटिंगा घेतोय. कंपनीच्या चौकशी अहवालात एक वाक्य आहे : 'चाचणी अभियंत्याने लेखी कळवले नाही.' वाक्य खोटं नाही, याचाच संताप येतो. सोमवारी त्यावर माझी सही झाली की प्रतीक्षाची नोकरी जाणार. आणि परवा तिनंच मला चहा आणून दिला. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी आठवीत होते. हेच सिद्रामप्पा दुकानात येऊन ओरडत होते, ऊस वाळायलाय, मोटार द्या आधी. तुम्ही ती दुरुस्त केलेली मोटार तपासायला पाण्याच्या टाकीत सोडली आणि म्हणालात, "तासभर चालू दे. हितं जळली तर माझं नाव जाईल, हिरीत जळली तर तुझा ऊस." ते शिव्या घालत बसले. तास भरल्यावरच तुम्ही मोटार दिलीत.

दोन दिवस मी अहवालातलं ते वाक्य कसं मऊ करता येईल हेच बघत होते. लाज वाटते सांगायला. आज सकाळी चौकशी समितीला लिहून पाठवलं : प्रतीक्षानं सांगितलं होतं, लिहू नको असं मी बजावलं. मॅनेजरपद जाईलच, नोकरीही जाईल बहुतेक.

पुढच्या आठवड्यात घरी येतेय. आईला इतक्यात काही सांगू नका. दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे, 'दैवशाला मोटार रिवायंडिंग'. ते ठेवायचं का पुसायचं, तुम्ही ठरवा.

तास भरायच्या आत मोटार देऊन बसलेली,
तुमची
दैवशाला