न मारलेली टिचकी

सोमवार, ८ तारीख

जिंकले! नव्या यंत्राला आज तोंडघशी पाडलं.

ते खोकं आल्यापासून लॅबमध्ये मला कुणी हिंग लावून विचारत नाही. काम तेच – पेशंटच्या लघवीतले जंतू औषधाच्या पाण्यात सोडायचे. पाणी गढूळ झालं म्हणजे जंतू वाढले, औषध फुकट. नितळ राहिलं तर औषध लागू. यंत्र त्यातून उजेड सोडून त्याच दिवशी सांगतं. मी नळी काळ्या पुठ्ठ्यापुढे धरून दुसऱ्या दिवशी सांगते. सध्या साहेबांच्या हुकुमाने दोन्ही करून ताडून बघतो.

आजची पेशंट एक ओली बाळंतीण. ताप हटत नाही, बाळाला जवळ देत नाहीत. तिचा नवरा शिंपी आहे, गळ्यातली टेप न काढताच आमच्या बाकावर बसून असतो. यंत्र कालच म्हणालं होतं, चालू औषध कुचकामी. माझी नळी लख्ख नितळ! यंत्रावरची नवी मुलगी – तिला मी चिमणी म्हणते, आवाजच तेवढा – हळूच म्हणाली, "बाई, परत एकदा बघता का?"

"तू मला शिकवू नकोस," मी म्हटलं. सगळ्यांसमोर.

साहेबांनी तिलाच झापलं, यंत्राची काच नीट पुसत नाहीस म्हणून. माझा रिपोर्ट वर गेला. चालू औषधच चालू ठेवा. आज जेवण छान गेलं.

मंगळवार, ९

कुठून लिहू?

सकाळी कालच्या नळ्या टाकायला काढल्या. त्या बाईची नळी हातात आली आणि सवयीने टिचकी मारली. तळातून पांढरा धूर उठावा तसं काहीतरी वर आलं आणि बघता बघता सगळी नळी ताकासारखी झाली. जंतू तळाशी बसले होते. मी वरचं पाणी बघून मोकळी झाले.

टिचकी मारल्याशिवाय नळी वाचायची नाही – आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या दिवशी माझ्याकडून हे ऐकतो. चिमणीनेही ऐकलं. काल मीच मारली नाही. यंत्राला खोटं पाडायची एवढी घाई!

साहेबांच्या केबिनपर्यंत गेले होते. आत पाहुणे होते आणि साहेब त्यांना माझंच कौतुक सांगत होते, आमच्या बाईंचे डोळे म्हणजे डोळे. दारातून परत फिरले. नळी निर्जंतुक करायच्या डब्यात टाकली, झाकण लावलं. वर हातही धुतले. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

बुधवार, १०

शिंपी बाकावर नाही. कुणाला विचारायचा धीर झाला नाही.

गुरुवार, ११

आजही नाही. बाळंतिणीचं काही बरंवाईट झालं असेल तर? मनात एकदा आलं की हटत नाही. वॉर्डात एक फोन केला तर कळेल. फोन समोरच असतो.

साहेबांनी चिमणीला नमुने घ्यायच्या खिडकीवर टाकलं. यंत्राचं काम तिला झेपत नाही म्हणे. मी तिथेच उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. जाताना तिने मला यंत्राचं झाकण कुठे ठेवते ते दाखवलं, आणि काच रोज पुसते हो बाई, एवढंच म्हणाली. मी मान डोलावली. मान!

घरी ह्यांनी विचारलं, काय बिनसलंय. मी त्यांच्यावरच खेकसले, की भाजीत मीठ जास्त झालंय हे सरळ बोला. बिचारे म्हणाले, मीठ घातलंच नाहीयेस.

शुक्रवार, १२

ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील जाऊ दे. ते म्हणाले, "पहिल्यांदा ती बाई कशी आहे ते बघून ये."

चार दिवसांत मी तेवढंही केलं नाही. स्वतःच्या अब्रूची काळजी करत बसले आणि ती तापाने फणफणत असेल. उद्या वॉर्डात जाणार. डॉक्टरांना सगळं सांगणार, मग साहेबांना. नोकरी गेली तर गेली.

शनिवार, १३

बाळंतीण काल बाळाला घेऊन घरी गेली. सोमवारी संध्याकाळीच औषध बदललं होतं. चिमणीने वॉर्डात फोन केला होता – बाईंनी नळी परत तपासली, चूक त्यांनीच पकडली, औषध लगेच बदला असं त्या सांगताहेत, म्हणून.

वॉर्डच्या डॉक्टरांनी उभं राहून माझे आभार मानले. स्वतःची चूक अशी तत्परतेने कबूल करणारी माणसं हल्ली भेटत नाहीत म्हणाले.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.