सदऱ्यासकट शिवलेली रजई

ती. ताईंना साष्टांग नमस्कार,

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात ना? इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. (उभयतांपैकी एकीचं मनगट पायरीवरून घसरून मोडलं, हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. प्लास्टर निघून आता पंधरा दिवस झाले.)

पत्रास कारण तुमची रजई. तुमच्या बहिणीने तुमच्यासाठी तुकडे जोडून, आत कापूस घालून ती तयार ठेवली होती. राहिल्या होत्या फक्त सगळे थर धरून ठेवणाऱ्या टिपा. हात मोडला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याने नव्हे, रजईकडे बघून. मी बोलून गेलो, "त्यात काय आहे? मी शिवतो." छत्तीस वर्षं गोदामात गासड्या हलवलेला माणूस मी! पण ताई, गासडी निदान एका जागी बसते. ही रजई पलंगाएवढी, आणि घरच्या मशीनवर सुईशेजारी जागा जेमतेम वीतभर. म्हणजे हत्तीला मांजराच्या दारातून न्यायचं. (तेही सरळ रेषेत.)

पहिल्याच दिवशी रजई टेबलावरून घसरली, ती जाताना सुई मोडून गेली. दुसऱ्या सुईचीही तीच गत. मग तुमच्या बहिणीच्या हुकमावरून डावीकडे इस्त्रीचं टेबल आणि मागे दोन खुर्च्या लावून भार पेलला, उजवी बाजू गुंडाळून तिला कपड्यांचे चिमटे लावले आणि उरलेली खांद्यावर घेतली. "ओढू नका हो, नुसती उचलून धरा," ती म्हणाली. आणि जमलं की! चार हात टीप मारली असेल नसेल, तोच तिचं औषध घेऊन आलेला दवाखान्यातला कंपाउंडर बेल वाजवायला लागला. दोरा कापून उठलो, तर रजईही उठली. सदऱ्याचं टोक टिपेत गेलेलं! तसाच सगळा पसारा ओढत दार उघडलं. कंपाउंडरने मला खालीवर पाहिलं आणि विचारलं, "पेशंट आपणच का?" तुमची बहीण हसली, पडल्यापासून पहिल्यांदाच, इतकी, की सदरा काढून ठेवला, पण टीप मी दोन दिवस उसवली नाही.

आता माझा हात बसलाय. गंमत म्हणजे काल वाकडी वाटलेली टीप आज बघावी तर सरळ. नजरही बसली असावी.

तब्येतीला जपा.

आपला मेव्हणा

ता. क. : खरं कारण आता लिहितो. प्लास्टर निघालं तरी ती मशीनला हात लावत नाही. थरथरतो म्हणते. मला आतून भीती वाटते. आठ दिवस येऊन राहा. येताना काहीतरी फाटकं आणा आणि हे तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही, असं म्हणा. मी लिहिल्याचं मात्र बोलू नका.

आणखी एक ता. क. : ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. हात छान चालतो. रोज दुपारी हे झोपले की यांच्या टिपा उसवून मी पुन्हा घालते. (यांच्या घोरण्यात मशीन ऐकू येत नाही.) आज सांगू, उद्या सांगू म्हणते आणि राहून जातं. तीस वर्षांत हे माझ्याजवळ इतका वेळ कधी बसले नव्हते गं. तू ये नक्की. फाटकंही आण, पण ते यांच्या हातात दे.